पस्तीस दिवस, दोन बॅगा आणि एक स्प्लेंडर

जेलरोडकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. आता जर्मनीत स्टुटगार्टच्या जवळ नोकरी लागलीय, ब्लू कार्डवाला व्हिसा परवा हातात आला आणि तिकीट आजपासून बरोबर पस्तीस दिवसांनी. बायको चार महिन्यांनी येणार, तिचा नोटीस पिरियड आणि भाषेची परीक्षा बाकी आहे. २३ किलोच्या दोन बॅगा अधिक हातातली एक.

प्रश्न दोन आहेत. पहिला, काय न्यायचं आणि काय नाही? आईने यादी केलीय ती साधारण दीड टेम्पो भरेल.

दुसरा प्रश्न ऐकून हसू नका. माझी २०१५ ची स्प्लेंडर आहे, ती विकायची की ठेवायची? मी म्हणतो विकू, नुसती उभी राहून सडेल. बायको पण तेच म्हणते. पप्पा म्हणतात विकायची नाही. का, ते सांगत नाहीत. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, आयुष्यभर सायकल आणि आता सिटीलिंकची बस. विषय काढला की उठून गॅलरीत जातात. शपथेवर सांगतो, आमच्या घरात व्हिसाची जेवढी चर्चा झाली नाही तेवढी या गाडीची चाललीय.

तर्री_वेगळी

अभिनंदन भो! किती किलोमीटर झालीय? भाच्याला हवीये एक.

अपर्णा_म्युनिक

अभिनंदन! मी नऊ वर्षांपूर्वी कॉलेजरोडवरून निघाले तेव्हा बॅगेत पाच किलो तांदूळ होता, त्यावरून अजून नवरा चिडवतो. डाळ, तांदूळ, पीठ, हळद, तिखट सगळं मिळतं इथे, स्टुटगार्टला तर भरपूर भारतीय दुकानं आहेत. जे मिळत नाही ते आण. म्हणजे घरचा काळा मसाला, गोडा मसाला, आमसुलं, नागलीचे पापड, कुरडया, मेतकूट आणि चिवडा. चिवडा जास्त आण, पहिल्या महिन्यात ऑफिसात वाटून संपतो आणि मग आपल्याला रडू येतं.

तूप आणू नकोस. हे मोठ्या अक्षरात लिहून आईच्या कपाटावर चिकटव. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, त्यात साजूक तूप आलं, पेढे आले, खव्याचं सगळं आलं. सगळ्यांच्या बॅगा तपासत नाहीत हे खरं, पण फ्रँकफर्टला माझी तपासली होती. सासूबाईंनी कढवलेलं तूप माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं त्या माणसाने, अगदी सभ्यपणे, सॉरी म्हणून. मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. तूप फार छान होतं एवढंच सांगितलं.

कुकर आणायचा तर इंडक्शनवर चालणारा बघून आण. इथे बहुतेक शेगड्या विजेच्या असतात आणि आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म हलत नाही. जादा रिंग आणि शिट्टी नक्की. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, फक्त पिनेला अडॅप्टर लागेल.

उंटावरचा_शहाणा

एवढं सगळं नेलं तर नाशिक सोडलं कुठे म्हणायचं, नाशिक फक्त शिफ्ट केलं.

दुबई_रिटर्न_सातपूर

मसाल्यावरून आठवलं. जर्मनीचा संबंध नाही तरी लिहितो, धागा उद्या दुसरा कोणी वाचेल. आखातात जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये. युएईत बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. नुसती पुडीच नाही, मसाल्यात भाजून घातलेली पण. २०११ ला मी निघालो तेव्हा आईने गरम मसाल्यात खसखस घातलेली, आदल्या रात्री शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून वाचलो. रात्री साडेअकराला आईने परत मसाला कुटला. खलबत्त्याचा आवाज ऐकून खालचे लोक वर आले, काय झालं म्हणून.

आणि सुकं खोबरं. अख्खी वाटी बॅगेत टाकू नका, तेल असतं म्हणून ज्वलनशील धरतात, मुंबईला बॅग उघडायला लावतात. ओटीतला नारळ घरीच प्रसाद म्हणून फोडा. पॉवर बँक चेकइनच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत.

निफाडचा_पारा

जॅकेट नाशकात घेऊ नका. मी पोराला मेनरोडवरून साडेतीन हजाराचं घेऊन दिलं, म्हटलं निफाडची थंडी काढलेला गडी आहे, चार डिग्रीत बागेत शेकोट्या पेटवणारी आमची जात. पोलंडला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, बापू हे जॅकेट नाही ही बंडी आहे. तिथेच घ्यावं, तिथल्या हवेचं तिथेच मिळतं. इथून आतून घालायचे थर्मल दोन जोड न्या, बस.

गाडीचं म्हणाल तर बापाचं ऐका.

तर्री_वेगळी

अहो ऐका काय, उभी राहिली की बॅटरी जाते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकतं, टायरला चिरा पडतात. भावनेपोटी एका चांगल्या गाडीचा जीव घ्यायचा का? चाळीस देतो.

परत_आलो

मी सहा वर्षं होतो स्टुटगार्टच्याच बाजूला, २०२२ ला परत आलो. काही गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगतो.

एक म्हणजे घर. भाड्याने घर बिनसामानाचं म्हणतात तेव्हा खरोखर बिनसामानाचं. किचन म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला नळ आणि शेगडीची वायर. ओटा नाही, सिंक नाही, काही वेळा छताला बल्बच्या जागी पण दोन तारा लोंबतात. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचलून घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिला वाटलं मला फसवलं. तेव्हा पहिले दोन-तीन महिने कंपनीकडून सामानासकट खोली मिळते का ते आत्ताच मेल करून विचार. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या कागदाशिवाय पुढची बरीच कामं अडतात, टॅक्सचा नंबर, बँक, सगळं. म्हणून घरमालक नोंदणीला कागद देणार का हे आधी विचारायचं. काही जण देत नाहीत, अशी खोली घेऊ नकोस कितीही स्वस्त असली तरी.

दुसरं म्हणजे रविवार. दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध ब्रेड आणलं नाही तर सोमवारपर्यंत चिवडा. आणि त्या भागात केअरवोखे म्हणून प्रकार आहे, इमारतीचा जिना झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. माझ्या दाराला पाटी लागली आणि मी विसरलो, तर वरच्या मजल्यावरच्या आजी स्वतः झाडू घेऊन आल्या आणि माझ्यासमोर झाडायला लागल्या, एक शब्द न बोलता. त्यानंतर कधी विसरलो नाही.

तिसरं, भाषा. तू पुस्तकातली जर्मन शिकला असशील, तिथे श्वाबिश बोलतात. म्हणजे पुण्याची मराठी शिकून अहिराणी ऐकायची.

उंटावरचा_शहाणा

परत का आलात ते नाही लिहिलं.

परत_आलो

नाही लिहिलं.

अपर्णा_म्युनिक

@परत_आलो आजींचा किस्सा लय भारी, आमच्याकडे बव्हेरियात पाटी नाही पण आजी आहेतच.

लायसन्सचं राहिलं. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालवता येतं. नंतर तिथली लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि खर्च चांगलाच येतो. इंटरनॅशनल परमिट पेठरोडच्या आरटीओतून काढून आण, त्या सहा महिन्यांत कामाला येतं.

कागदपत्रे_पूर्ण

गाडी, चिवडा, झाडू झालं असेल तर थोडं पैशाचं बोलू का. मी या क्षेत्रात आहे म्हणून हे धागे बघतो आणि दरवेळी तेच. लोक कुकरच्या शिट्टीवर तीस प्रतिसाद देतात आणि बँकेत काहीच कळवत नाहीत.

नोकरीसाठी परदेशी गेलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, हिशोबाने तुम्ही अनिवासी. तुमचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचं. इथलं भाडं, व्याज, जुन्या पॉलिसीचे पैसे त्यात येतील. तिथला पगार इथे पाठवायचा तर वेगळं एनआरई काढायचं, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही आणि पैसे परत बाहेर नेता येतात. पीपीएफ असेल तर घाबरून मोडू नका, मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, फक्त नवीन उघडता येत नाही आणि मुदत वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडाचं केवायसी पण बदलायचं.

मोबाईल नंबर मरू देऊ नका. बँक, आधार, पॅन, सगळ्यांचे ओटीपी त्या एका नंबरवर. रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. माझा एक क्लायंट वर्षभर रिचार्ज विसरला, नंबर दुसऱ्याच माणसाला गेला, आणि स्वतःच्या पैशाला हात लावायला त्याला तिकीट काढून नाशकात यावं लागलं.

गाडी. भावनेचं मला माहीत नाही. तुम्ही तिकडे असताना विकायची ठरली तर फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या सह्या लागतील, मग कुरिअरचे खेळ. म्हणून विका तरी किंवा जायच्या आत वडिलांच्या नावावर करा तरी. इन्शुरन्स चालू ठेवायचा. २०१५ ची आहे म्हणजे नवीन नंबर प्लेट लावलीय का ते बघा, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

निफाडचा_पारा

साहेबांना दुजोरा. शेतजमीन असेल तर मुखत्यारपत्र इथे असतानाच करा, विकायचे अधिकार द्यायचे तर दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करून. नुसत्या नोटरीवर भागत नाही. आमच्या भावकीत एकाने तिकडून पाठवलं, तिथल्या वकिलातीत सही शिक्का सगळं करून, पण इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा असतो तो कोणी भरलाच नाही. कागद फाईलीत, फाईल पेटीत आणि पेटीवर आजी बसलेली.

जुना_पंचवटीकर

परदेशगमनाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, सिनेमाचं तंत्र शिकले, यंत्रसामग्रीची खरेदी केली आणि परत आले. पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र. हल्लीचे जातात ते परत येत नाहीत एवढाच फरक. कुंभमेळा २०२७ ला आहे, निदान त्याला तरी या.

उंटावरचा_शहाणा

काका, फाळके जाताना बायकोला खलबत्त्यात मसाला कुटायला लावून गेले का हे इतिहासात नाही. आणि कुंभमेळ्याला नाशिकचे लोक नाशिक सोडून पळतात, आम्ही २०१५ ला अलिबागला होतो.

जुना_पंचवटीकर

सरस्वतीबाई फाळके यांनी घर सांभाळून फिल्म धुण्यापासून सगळी कामं केली आहेत. माहीत नसेल तर बोलू नये.

उंटावरचा_शहाणा

बरं काका. हे खरंच माहीत नव्हतं.

दुबई_रिटर्न_सातपूर

गंमत बघा, जगात कुठेही जा, पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापलेला. दुबईला इमिग्रेशनच्या रांगेत पुढे केरळचा, मागे बिहारचा, सगळ्यांच्या हातात नाशिकरोडचा माल. मी एकदा त्या केरळच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग तुला रांगेत पुढे सोडायला पाहिजे.

जेलरोडकर

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. आईला तुपाचं वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या अपर्णाला विचार, लोण्यावर कढवलेलं की सायीवर. आता याचं काय उत्तर देऊ.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर, पप्पा तिथेच होते. प्रेसमध्ये, ३४ वर्षं, २०२१ ला रिटायर झाले. माझा पासपोर्ट घरी आला तेव्हा त्यांनी फोटोचं पान बघितलंच नाही आधी. चष्मा लावून शिवण बघितली, पानं चाळून कागदाला बोट लावलं आणि म्हणाले, बरा आहे. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट नाही. कधी काढलाच नाही, लागलाच नाही.

तर्री_वेगळी

ही पोस्ट वाचून पाच मिनिटं शांत होतो. बेचाळीस.

मीनाकाकू_गंगापूररोड

मी इथे फारशी लिहीत नाही. माझा मुलगा आठ वर्षं टोरांटोला आहे, सून आणि नात पण. तुमच्या सगळ्यांचं वाचलं. जेलरोडकर, तुम्ही मला मुलासारखे म्हणून अरेतुरे करते.

तू तुझी बॅग भरतोयस ते ठीक, ती भरली जाईलच. मागे राहणाऱ्यांची पण एक बॅग असते, ती कोणी भरत नाही. आमचा मुलगा गेला तेव्हा काय काय तो एकटा करत होता हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. लाईट बिल त्याच्या फोनवरून जायचं. गॅसचा नंबर त्याच्या मोबाईलला जोडलेला. वायफायचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ह्यांच्या मेडिक्लेमचं कार्ड कुठल्या तरी मेलमध्ये. पहिल्या महिन्यात लाईट कापायला माणूस दारात आला आणि मी त्याला सांगतेय की आमचं बिल कॅनडातून भरतात. तो हसला नाही, पण मला इतकं लाजल्यासारखं झालं.

तेव्हा एक वही कर. हाताने लिही, मोठ्या अक्षरात, मोबाईलमध्ये नको. कोणतं बिल किती तारखेला, कोणत्या ॲपवर, प्लंबर कोण, इलेक्ट्रिशियन कोण, औषधाचं दुकान कोणतं घरपोच देतं. जायच्या आधी महिनाभर हे सगळं त्यांना करायला लाव आणि तू बाजूला बस, मध्ये हात घालू नकोस. चुकू देत. आम्ही चुकत चुकत शिकलो पण कोणी बाजूला बसलेलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक. रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा मी आधी टोरांटोला फोन लावला. काय उपयोग? तो तिथून रडत कॅब बुक करत होता, नाशिकची. शेवटी वॉचमनने रिक्षा आणली. गॅसेस निघाले, पण ते नंतर कळलं. रात्री दोनला कोण येईल, गाडी कोणाची, किल्ली कुठे, हे ठरवून जा. बाकी व्हिडिओ कॉल वगैरे सगळे करतात.

परत_आलो

मीनाकाकू, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या वेळी हे लिहिणारं कोणी नव्हतं. मला दोन दिवस उशीर झाला होता, तेवढंच लिहितो. वर विचारलं होतं कोणीतरी.

उंटावरचा_शहाणा

माफ करा. तसा हेतू नव्हता.

परत_आलो

अरे ठीक आहे.

स्वप्नाली_सिएटल

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. प्रत्येक धाग्यात हे असंच होतं. मुलगा आनंदाने विचारतो बॅगेत काय नेऊ आणि तिसाव्या प्रतिसादापर्यंत त्याला गुन्हेगार करून सोडतात. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं रात्री दोनला पोचतात का? मुंबईहून नाशिक चार तास धरा, भिवंडीला अडकलात तर सहा. माझा सख्खा भाऊ इंदिरानगरला राहतो, आईबाबा गोविंदनगरला, आणि बाबांचं बीपी किती ते मला सिएटलला बसून माहीत असतं, त्याला नाही. अंतराने सगळं ठरत नाही.

आणि हो, तुझे पप्पा गाडी ठेवा म्हणतात म्हणजे तू परत येशील ही आशा. ते त्यांना बोलता येत नाहीये. विकून टाकलीस तर त्यांना शेवटचा दोर कापल्यासारखं वाटेल. ठेव.

निफाडचा_पारा

ताई बरोबर बोलल्या. माझा पोरगा गेला तेव्हा त्याची बॅट विकू दिली नव्हती मी. वाळवी लागली तरी.

कागदपत्रे_पूर्ण

आशेचा पण इन्शुरन्स दरवर्षी भरावा लागतो. वडिलांच्या नावावर करा.

मीनाकाकू_गंगापूररोड

स्वप्नाली, तू म्हणतेस ते पटलं. माझी मुलगी तर कोथरूडला आहे आणि तिच्यापेक्षा जास्त बोलणं टोरांटोशी होतं. मी त्याला दोष देत नाहीये गं, वही कर एवढंच म्हणतेय.

जेलरोडकर, पप्पांचा आणि आईचा पासपोर्ट आत्ता काढ, तू असताना. नंतर तो फॉर्म भरायला कोणी बसत नाही. साठच्या वरच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे, १५०० चे १३५०. पोलीस व्हेरिफिकेशन होतं, घरी कोणीतरी असू द्या. पुढे तुमच्याकडे यायचं तर व्हिसाला निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, म्हणजे तीन महिने. पुरे होतात. आम्ही कॅनडाला पहिल्यांदा गेलो तेव्हा अडीच महिन्यांत ह्यांना नाशिकच्या पाण्याची आठवण यायला लागली होती.

अपर्णा_म्युनिक

@जेलरोडकर, आईंना सांग, सायीवर. आणि जर्मनीतलं लोणी चांगलं असतं, ते कढवून छान तूप होतं. मी दर महिन्याला करते. पहिल्यांदा केलं तेव्हा वासाने शेजारी विचारायला आले काय जळतंय.

उंटावरचा_शहाणा

एअरपोर्टला किती जण येणार ते ठरलं का? आमच्या मामेभावाला सोडायला दोन इर्टिगा भरून गेले होते. आत फक्त तिकीटवाला. बाकी तेरा जण बाहेर रेलिंगला, मावशीच्या हातात दहीभाताचा डबा. इगतपुरीपासून समृद्धीने आमण्यापर्यंत भुर्रकन जातं हल्ली, कसारा घाट लागत नाही, पण पुढे भिवंडीचं काय ते देवाच्या हातात. चार तास जास्त धरून निघा.

जेलरोडकर

मंडळी, उशिरा लिहितोय, अकरा दिवस राहिले.

वही झाली. मीनाकाकू, खरंच आभार. पप्पांनी पहिल्यांदा लाईट बिल भरताना २,१४० च्या जागी २१,४०० टाकले होते, पिन टाकायच्या आधी मी काही बोललो नाही, दातओठ खात बसलो, त्यांनाच दिसलं. आईचा गॅस बुकिंगमध्ये हात बसलाय, आता शेजारणींचे पण करून देते. दोघांचे पासपोर्टचे फॉर्म भरले, अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी. पप्पा म्हणत होते कशाला, मला काय करायचाय. पण फोटो काढायला स्वतः न सांगता नवीन शर्ट घातला.

आता गाडी. स्वप्नालीताई, निफाडवाले काका, तुमचं वाचून मला पण तेच वाटलं होतं. आशा, दोर वगैरे. एक रात्र झोपलो नाही त्या विचाराने. मग धीर करून रविवारी पप्पांना गॅलरीतच गाठलं. म्हटलं, पप्पा, मी परत येणारे, त्यासाठी गाडी ठेवायची गरज नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले, म्हणाले, तुझ्या येण्याचा काय संबंध?

तर झालं असं की तळमजल्यावर एक मुलगा राहतो, रात्रपाळीला जातो शिंदे गावाला, गाडी नाही, कंपनीची बस सोडते त्याला चौकात. पप्पांनी त्याच्याशी तीन महिन्यांपूर्वीच, म्हणजे माझा व्हिसा यायच्या आधी, बोलून ठेवलंय. गाडी त्याने वापरायची, पेट्रोल त्याचं, सर्व्हिसिंग आमचं, आणि रात्री बेरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर फोन करू, तो नसेल तर त्याचा भाऊ. एक किल्ली त्याच्याकडे, एक देव्हाऱ्याच्या खाली. त्याचं लायसन्स पण बघून घेतलेलं. मला सांगितलं नाही कारण म्हणे, तू कॅन्सल करशील जायचं.

मी चाट पडलो. मला वाटत होतं मी त्यांची सोय करून चाललोय.

पेठरोडला जाऊन गाडी पप्पांच्या नावावर करायला टाकलीय, इन्शुरन्स रिन्यू केला. नंबर प्लेट बसवली.

तर्री_वेगळी

म्हणजे भाचा पायीच.

कागदपत्रे_पूर्ण

तुमच्या वडिलांना माझ्याकडे नोकरी करायची असेल तर विचारा.

निफाडचा_पारा

माणूस सरकारी प्रेसमधला आहे, छापायच्या आधी चारदा तपासणारच.

स्वप्नाली_सिएटल

मी माझे शब्द मागे घेते. ती रात्रपाळीवाली आयडिया बाबांना पाठवलीय.

मीनाकाकू_गंगापूररोड

छान. त्या मुलाला जाताना काहीतरी दे, नुसते पैसे नको, शर्टपीस वगैरे. आणि त्याचा नंबर तुझ्या फोनमध्ये पण ठेव.

परत_आलो

एकवीस महिन्यांत तिथलं कायमचं राहण्याचं कार्ड मिळतं, जर्मनची बी१ परीक्षा झालेली असेल आणि पेन्शनचे पैसे तेवढे महिने भरले असतील तर. त्यामुळे भाषेचा क्लास पहिल्या महिन्यापासून लाव, थकलो म्हणून टाळू नकोस, मी टाळला होता. आणि पहिल्या आठवड्यात जिना कोण झाडतं ते विचारून घे.

अपर्णा_म्युनिक

वजन केलं का बॅगांचं? घरच्या काट्यावर नको, तो खोटं बोलतो.

जेलरोडकर

किराणावाल्याच्या काट्यावर केलं. एक २२.८, एक २५.१. दुसरीतून काय काढू विचारतोय तर आई म्हणते जर्मन डिक्शनरी काढ.

तर्री_वेगळी

तळमजल्यावाल्याची नोकरी बदलली तर कळव.